पूर्ण भाव म्हणजे काय?

आपल्या मंडळ्यांतून प्रार्थना होते तेव्हा "हे प्रभो, आम्हांला पूर्ण भाव दे" हे मागणे बहुधा केले जाते. मागणे योग्यच आहे. परंतु पूर्ण भाव म्हणजे काय, याचा विचार फारसा होत नाही. खेड्यात हा प्रश्न उपदेशाच्या वेळी उभा राहत नाही, तो आजाऱ्याच्या खाटेपाशी उभा राहतो. लेकरू तापाने फणफणले आहे. सायंकाळी उपदेशक येऊन प्रार्थना करून जातो. रात्री शेजारीण आपुलकीनेच म्हणते, "बाई, भगताकडून एक दोरा आणून बांध, त्यात तुझे काय जाते?" आईचे मन द्विधा होते. पुढे लेकरू दगावले तर मंडळीतलाच कोणी म्हणतो, "त्यांचा भाव कमी पडला." दोरा बांधणारा आणि हे बोलणारा, दोघेही पूर्ण भावाविषयी चुकतात असे आम्हांस वाटते. ते कसे, हे प्रिय वाचकांनी आमच्याबरोबर शांतपणे पाहावे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, पूर्ण भाव म्हणजे शंकेचा अभाव नव्हे. मार्ककृत शुभवर्तमानाच्या ९ व्या अध्यायात एका पित्याची गोष्ट आहे. त्याच्या मुलाला लहानपणापासून दुष्ट आत्मा छळीत होता, आणि शिष्यांच्या हातून काही झाले नव्हते. त्या पित्याने प्रभूपुढे आपला विश्वास व आपला अविश्वास ही दोन्ही एकाच श्वासात, मोठ्याने ओरडून कबूल केली. प्रभूने त्याला, "जा, आधी शंका फेडून ये" असे सांगितले नाही. त्याने मुलाला बरे केले. कारण उघड आहे. त्या पित्याने आपली शंका दुसऱ्या कोणाकडे नेली नाही, ती प्रभूकडेच आणली. पूर आलेल्या नदीत जो कापत कापत का होईना एकाच नावेत बसतो, तो पार होतो; दोन नावांवर पाय ठेवणारा कितीही धीट असला तरी बुडतो.

भाव अपुरा होतो तो थरथरण्याने नव्हे, वाटला गेल्याने. कर्मेल डोंगरावर एलीयाने लोकांना दोष दिला तो याचसाठी. त्या लोकांनी परमेश्वराला अगदीच टाकले होते असे नाही; त्यांनी बआलालाही जवळ ठेवले होते. बआल हा पाऊस देणारा, अशी त्या देशी समजूत होती, आणि पाऊस नसला म्हणजे शेतकऱ्याचा जीव कसा होतो हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. दोन्ही डगरींवर हात ठेवला म्हणजे एक तरी कामास येईल, हा त्यांचा हिशेब. तो हिशेब शहाणपणाचा दिसतो. पण देवाला जो राखीव गड्याप्रमाणे बाळगतो, त्याने देवाला देव म्हणून धरलेलेच नसते.

येथे कोणी विचारील, मग औषध घेणे हाही दुसरा आधार नव्हे काय? काही भाविक बंधू तसे म्हणतात व आसा राजाचा दाखला देतात. पण आसाचा दोष वैद्य बोलावण्यात नव्हता. त्याने दुखण्यात परमेश्वराला शोधलेच नाही, हा त्याचा दोष होता. याउलट हिज्कीया राजाला बरे होण्याचे वचन ज्या यशयाने आणून दिले, त्यानेच त्याच्या गळवावर अंजिरांचे पोटीस बांधावयास लावले. पौलाने तीमथ्याच्या पोटाच्या विकाराकरिता उपाय सुचविला, आणि पौलाचा सोबती लूक हा तर वैद्यच होता. औषधापुढे कोणी मस्तक नमवीत नाही. भगताच्या दोऱ्याबरोबर मात्र दुसऱ्या धन्याचे भय घरात येते. आपण कोणाला भितो आणि कोणापुढे नमतो, हीच कसोटी आहे. यास्तव जो उपदेशक आजाऱ्यासाठी प्रार्थना करतो, त्यानेच त्याला दवाखान्यात नेण्यास हातभार लावावा. हाताशी असलेला उपाय टाकून देवाने चमत्कार करावा असे म्हणणे, म्हणजे देवाची परीक्षा पाहणे होय. मंदिराच्या शिखरावर उभे असता प्रभूने तेच नाकारले.

पंडिता रमाबाईंचे चरित्र या बाबतीत मोठे बोधक आहे. इ. स. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, स्वतः ख्रिस्त सापडला नव्हता, हे त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्या ध्यानात आले, अशी साक्ष त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. पुढे इ. स. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्यप्रांतातून शेकडो मुली व विधवा आणून त्यांना आश्रय दिला. केडगावच्या मुक्तिसदनात प्रार्थना अखंड चाले, आणि त्याच आवारात शेती, विणकाम व छापखानाही चाले. त्यांच्या भावाने त्यांचे हात बांधले नाहीत, मोकळे केले. इ. स. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक कन्या मनोरमाबाई, जिच्यावर पुढील कामाची सारी आशा, ती वारली. मातेने पवित्र शास्त्राच्या सोप्या मराठी भाषांतराचे काम सोडले नाही. ते तडीस नेऊन ता. ५ एप्रिल १९२२ रोजी तीही प्रभूकडे गेली. मनोरमाबाईंचे प्राण वाचले नाहीत म्हणून रमाबाईंचा भाव अपुरा होता, असे म्हणण्यास कोणाची जीभ रेटेल?

मग खेड्यातल्या गरीब आईला तेच कसे म्हणावे? पौलाने आपल्या देहातील काटा निघावा म्हणून तीन वेळा विनंती केली, आणि काटा राहिला. तिघा इब्री तरुणांनी राजाला सांगितले की, आमचा देव सोडविण्यास समर्थ आहे, पण त्याने न सोडविले तरी आम्ही मूर्तीपुढे नमणार नाही. आणि गेथशेमाने बागेत स्वतः प्रभूने प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली, तरी तो त्याला प्यावा लागला. फळावरून भावाचे माप घ्यावयाचे असते, तर वधस्तंभापाशी आपण काय बोललो असतो? पीक येवो की न येवो, गोठा भरलेला असो की रिकामा, आपण त्याचेच आहोत, असा जो ठाव, त्याला आम्ही पूर्ण भाव म्हणतो.

तेव्हा बंधुभगिनींनो, ज्याच्या मनात शंका आहे त्याने ती लपवू नये. ती प्रार्थनेत जशीच्या तशी देवबापापुढे मांडावी. ज्याच्या घरी गुपचूप बांधलेला दोरा आहे त्याला मंडळीने धाक घालू नये. त्याच्या भयात त्याच्या जवळ बसावे, म्हणजे तो स्वतःच्या हाताने सोडील. आणि ज्यांच्या घरचे लेकरू गेले त्यांच्या भावाचे वजन करण्यास कोणी तागडी घेऊन जाऊ नये. भाकर घेऊन जावे आणि त्यांच्याबरोबर रडावे. आमचे हात कापत असले तरी ते एकाच्याच हाती राहोत, एवढी कृपा प्रभू आपणा सर्वांवर करो.