अनंतकाय आणि पर्यायाची चव

जैन आचारशास्त्राने वनस्पतींचे दोन वर्ग मानले आहेत. ज्या वनस्पतीच्या एका शरीराचा स्वामी एकच जीव असतो ती ‘प्रत्येक’ वनस्पती, आणि ज्या एका शरीरात अनंत जीव एकत्र जन्मतात, एकत्र आहार घेतात व एकत्र मरतात ती ‘साधारण’ वनस्पती, म्हणजेच ‘अनंतकाय’ होय. जमिनीखाली वाढणारे बहुतेक कंद दुसऱ्या वर्गात मोडतात. बटाट्याच्या प्रत्येक डोळ्यातून स्वतंत्र रोप उगवू शकते, आणि कंद उपटताना सबंध झाडाबरोबर मातीतील असंख्य सूक्ष्म जीवांचाही नाश होतो, ही दोन निरीक्षणे या वर्गीकरणाला व्यवहाराचा आधार देतात. बटाट्याच्या जागी कच्चे केळे घेऊन, त्याचे कुरकुरीत फ्राइज तळून, त्यांवर जपानी पद्धतीचा मसाला भुरभुरला, तर चव जवळजवळ तीच राहते आणि कंद मात्र टळतो. अशा वेळी व्रत पाळले गेले असे म्हणायचे, की व्रताच्या शब्दांतून वाट काढून जिभेने आपले हवे ते साधले असे म्हणायचे, हा या लेखाचा प्रश्न आहे. खाद्यपदार्थ क्षुल्लक वाटला तरी प्रश्न क्षुल्लक नाही, कारण नियमाचा आशय त्याच्या अक्षरात असतो की हेतूत असतो, हा धर्मचिंतनातील जुना वाद त्यात जसाच्या तसा उभा आहे.

या विचाराला परभणी जिल्ह्यातील जिंतूर हे गाव विशेष अनुकूल आहे. गावापासून सुमारे तीन किलोमीटरवर नेमगिरीची दिगंबर जैन लेणी आहेत. तेथे नेमिनाथ, शांतिनाथ, बाहुबली यांच्या मूर्ती आहेत, आणि पार्श्वनाथांची मूर्ती अगदी लहानशा पाषाणाच्या आधारावर तोललेली असल्याने भाविक तिला ‘अंतरिक्ष पार्श्वनाथ’ म्हणतात. मराठवाड्यातील सैतवाळ जैन समाज मराठी बोलणारा आणि गावगाड्यात मिसळलेला आहे, म्हणून येथे एकाच गल्लीत दोन आहारनियम शेजारी शेजारी नांदतात. एकादशीला एका हिंदू घरात बटाट्याचा कीस परतला जातो, कारण त्या दिवशी धान्य वर्ज्य असते आणि कंदमुळे ऋषींचा आहार म्हणून चालतात. लगतच्या जैन घरात तोच बटाटा वर्षभर चुलीपर्यंत पोहोचत नाही. ‘फराळ’ हा शब्द ‘फलाहार’ या शब्दापासून आला आहे, आणि फराळाच्या ताटातील बटाटा, शेंगदाणा, मिरची व ज्यापासून साबुदाणा करतात तो कंद हे सारे दक्षिण आणि मध्य अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या काळात भारतात आले. मराठीतील ‘बटाटा’ हा शब्दही पोर्तुगीज भाषेतूनच आलेला आहे.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. कोणत्याही प्राचीन ग्रंथात बटाट्याचा नामनिर्देश असणे शक्य नाही, मग एका परंपरेने त्याला मुभा दिली आणि दुसरीने मनाई केली ती कशाच्या आधारावर? दोन्ही ठिकाणी आधार वस्तूचा नाही, वर्गाचा आहे. ‘कंद’ हा वर्ग एका परंपरेत तपस्व्याच्या साध्या अन्नाचा, तर दुसरीत अनंत जीवांच्या घराचा ठरला होता, आणि नव्याने आलेली वस्तू तर्काने त्या त्या वर्गात बसवली गेली. म्हणून बटाटा शुद्ध की अशुद्ध हा प्रश्न नुसत्या बटाट्याकडे पाहून सुटणारा नाही. आपण त्याला कोणत्या प्रश्नाचे उत्तर समजतो, यावर तो अवलंबून आहे.

समंतभद्र आचार्यांच्या ‘रत्नकरंडक श्रावकाचार’ या ग्रंथात मुळा, ओले आले यांसारख्या वस्तू टाळण्याचे कारण स्पष्ट दिले आहे: त्यांच्यापासून मिळणारे फळ अल्प आणि होणारा घात मोठा. ही मांडणी प्रमाणाची आहे. अमुक वस्तू स्वभावतःच पापी आहे असे तीत म्हटलेले नाही. खाणाऱ्याच्या क्षणभराच्या सुखासाठी कोणाला किती मोजावे लागते, एवढेच तिने विचारले आहे. ओले आले वर्ज्य पण सुंठ चालते, हा सर्वपरिचित भेदही याच विचारातून समजतो, कारण सुंठ वाळलेली असते, अत्यल्प लागते आणि बहुधा औषध म्हणून घेतली जाते.

आता स्वयंपाकघराकडे वळले पाहिजे, कारण पर्याय खरोखर साधतो की नाही हे पाहिल्याशिवाय त्याच्यावर निवाडा देणे योग्य नाही. नांदेड जिल्ह्यातील अर्धापूरचा परिसर केळीसाठी प्रसिद्ध असल्याने कच्ची केळी या भागाला परकी नाहीत. केळे कच्चे असताना त्यातील बहुतेक घनभाग स्टार्च, म्हणजे पिष्टमय पदार्थ असतो. ते पिकू लागले की स्टार्चची साखर होते आणि तसे केळे तेलात कुरकुरीत होण्याआधीच करपते. म्हणून पूर्ण हिरवी, टणक केळी घ्यावीत, चीक चिकटू नये म्हणून हाताला तेल लावून ती सोलावीत, बोटाएवढ्या जाडीच्या कापा कराव्यात आणि हवेने काळ्या पडू नयेत म्हणून लगेच मीठ घातलेल्या पाण्यात टाकाव्यात. नंतर चार-पाच मिनिटे उकळत्या पाण्यातून काढून फडक्यावर अगदी कोरड्या कराव्यात. तळणी दोनदा करावी लागते. पहिली मध्यम तापलेल्या तेलात, सुमारे 150 ते 160 अंश सेल्सिअसला, ज्यात आतला स्टार्च शिजून मऊ होतो. कापा पूर्ण निवल्यावर दुसरी तळणी 180 ते 190 अंशांना दोनेक मिनिटे, ज्यात पृष्ठभागातील उरलेले पाणी वाफ होऊन झपाट्याने निघून जाते आणि तेथे पातळ, कडक कवच तयार होते. कुरकुरीतपणा म्हणजे हेच पाणी गेलेले कवच. ते अधिक टिकावे म्हणून वरून तांदळाची पिठी किंवा कॉर्नफ्लोअर लावतात. आरारूट मात्र कंदाचेच सत्त्व असल्याने या ताटात बसत नाही. तेलातून निघताच, पृष्ठभाग अजून तेलकट असताना, मसाला भुरभुरावा, म्हणजे तो चिकटून राहतो.

खरी गुंतागुंत या मसाल्यात आहे. जपानमध्ये भातावर भुरभुरण्याच्या कोरड्या मसाल्याला ‘फुरिकाके’ म्हणतात, आणि त्यात तीळ, मीठ, नोरी यांच्याबरोबर पुष्कळदा वाळवलेल्या बोनिटो माशाचा कीस असतो. मासा वगळणे सोपे आहे. परंतु नोरी ही समुद्रातील शैवालाची वाळवलेली पापडी असते, आणि सामान्य शाकाहारी माणसाला तिच्यात आक्षेपार्ह काही दिसत नसले तरी जैन परंपरेत शैवालाची गणना अनंत जीवांच्या आश्रयात केली जाते. बुरशी आणि अळंबी यांचेही तेच. याच्या अगदी उलट, जपानमधील बौद्ध मठांच्या अहिंसक पाककलेचा, ज्याला ‘शोजिन र्‍योरी’ म्हणतात, पायाच कोंबू नावाच्या शैवालाचा आणि शिताके अळंबीचा रस हा आहे. ती कला कंदांना मज्जाव करत नाही. ती टाळते ते मांस, मासे आणि उग्र वासाच्या पाच वनस्पती, ज्यांत कांदा आणि लसूण येतात. महायान परंपरेतील या पाचांच्या यादीत हिंगही मोजला जातो, आणि कारण जीवहत्येचे नसून हे पदार्थ मनात काम व क्रोध वाढवतात असे आहे. जैन स्वयंपाकघरात कांदा-लसणाची उणीव जो हिंग भरून काढतो, तोच हिंग दुसऱ्या अहिंसक परंपरेत वर्ज्य ठरावा, हे लक्षात घेण्याजोगे आहे. दोन्ही परंपरा अहिंसा मानतात, पण एक जीवांची गणना करते आणि दुसरी खाणाऱ्याच्या चित्ताची अवस्था पाहते.

जपानी मसाल्याचे मर्म ज्या चवीत आहे तिला ‘उमामी’ म्हणतात. किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने 1908 मध्ये कोंबूच्या रसातून ग्लुटामेट वेगळे करून ही चव खारट, गोड, आंबट, कडू या चवींहून निराळी असल्याचे दाखवले. ग्लुटामेट शैवालातच असते असे नाही. पिकलेल्या टोमॅटोत ते भरपूर असते, आणि टोमॅटो वाळवला की अधिकच दाटते. म्हणून उन्हात वाळवलेल्या टोमॅटोची पूड, भाजलेले तीळ, वाळलेली संत्र्याची साल, लाल मिरची, सुंठ आणि मीठ यांचे मिश्रण जपानी मसाल्याच्या बरेच जवळ जाते आणि शैवालही टळते. बहुबीज, म्हणजे पुष्कळ बिया असलेले फळ, म्हणून टोमॅटो न खाणाऱ्यांनी तीळ आणि सालीवर भागवावे.

आता मूळ आक्षेप. तो असा की, चव तीच ठेवून वस्तू बदलणे ही व्रताची चतुराई आहे. हा आक्षेप जपानी मठांनाही लागू होतो, कारण तेथे ‘मोदोकी’ म्हणजे नकलेचे पदार्थ केले जातात, आणि टोफूच्या एका तळलेल्या गोळ्याचे ‘गानमोदोकी’ हे नावच हंसाच्या मांसाची नक्कल असे सांगते. परंतु आक्षेपात दोन व्रतांची गल्लत आहे. उमास्वामींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त हिंसेची व्याख्या प्रमादाने प्राणांचा घात करणे अशी आहे, तर रसपरित्याग, म्हणजे तूप, दूध, दही, साखर, तेल, मीठ यांसारखे चवीचे पदार्थ स्वेच्छेने सोडणे, हे तेथे बाह्य तपांत वेगळे मोजले आहे. केळ्याचे फ्राइज पहिली अट प्रामाणिकपणे पाळतात. दुसरीविषयी ते काहीच दावा करत नाहीत. दुसरे पाळले नाही म्हणून पहिल्याला ढोंग म्हणणे हा अन्याय आहे, कारण वाचलेले जीव खाणाऱ्याला चव लागली म्हणून कमी वाचलेले नसतात.

तरीही आक्षेपकाच्या म्हणण्यात एक सत्य उरते, आणि त्याचे उत्तर समंतभद्रांनीच दिले आहे. भोगण्यास योग्य असलेल्या विषयापासूनही संकल्पपूर्वक दूर राहणे हे व्रत, असे ते सांगतात. त्या अर्थाने बटाटा टाळणे ही पायरी आहे, आणि योग्य ठरलेले केळ्याचे फ्राइज पुढ्यात असताना आज नको असे ठरवणे ही पुढची. या पुढच्या पायरीसाठी त्यांनी ‘नियम’ आणि ‘यम’ असा भेद केला आहे: नियम ठरावीक मुदतीचा, एक दिवस, पंधरवडा किंवा महिन्याचा, आणि यम आजन्म. ज्याला आपली जीभ वरचढ होते आहे असे वाटते, त्याने पर्याय फेकून देण्यापेक्षा त्याला मुदतीचा नियम लावावा. ग्रंथाने दिलेला मार्ग हाच आहे.

ज्या घरी जैन पाहुणे येणार असतील त्या घराने मात्र एवढे करावे की मसाल्याचे तयार पाकीट आणले तर त्यावरील घटकांची यादी वाचावी आणि नोरी, आरारूट, लसूण पूड यांपैकी काही आहे का ते पाहुण्यांना वाढण्यापूर्वी सांगावे. पाकिटावरचा हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो. त्यात कंद आहे की शैवाल आहे, हे तो सांगत नाही.