बांध विचारत नाही
झाशीजवळच्या बरुआसागरला आता उजाडत असेल. तलावाचा जुना दगडी बांध पाणी धरून उभा आहे. त्याच्याच जिवावर खालची शेतं भिजतात. बांध विचारत नाही, शेत कुणाचं. जुलै 2024 मध्ये आपल्याला सोडून गेलेले वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो असेच सर्वांचे मित्र होते. चर्चचे धर्मगुरू, पण वसईची हिरवाई वाचवण्यासाठी रस्त्यावर उतरले. 2020 च्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले.

कुणी म्हणेल, धर्मगुरूनं वेदीपाशीच थांबावं. पण शेजारची विहीर आटत असताना नुसती प्रार्थना पुरते का? बांध जागेवर पक्का असतो, म्हणूनच पाणी दूरवर पोचतं. श्रद्धा पक्की असली, की माणूस मोकळेपणानं सर्वांचा होतो. आज कुणाला हात देताना एवढंच आठवू या. बांध विचारत नाही, शेत कुणाचं.