चेकलिस्ट तोंडपाठ आहे म्हणे!

तुझ्याकडून तरी ही अपेक्षा नव्हती. "सर, विमान स्वतःच उडतं, आम्ही नुसतं बघतो." चार्टर जेटवर लागून वर्ष झालं नाही तोच ही मिजास? आणि बघतोस तरी काय? चेकलिस्ट तोंडपाठ आहे, कार्ड हातात घ्यावं लागत नाही, हेही तूच फुशारकीनं सांगितलंस. तुझ्या लायसन्सचे पेढे घरच्यांनी राजगुरुनगरभर वाटले, ते ऑटोपायलटचं बटण दाबण्यासाठी?

३१ मे २०१४. अमेरिकेत बेडफर्डला गल्फस्ट्रीम जी-फोर. दोघे पायलट मुरलेले, वर्षानुवर्षं एकत्र उडणारे. उभ्या विमानाचे कंट्रोल वाऱ्यानं आपटू नयेत म्हणून गस्ट लॉक लावतात. तोच काढायचा राहिला. विमान सुसाट धावलं, उठलंच नाही. सात जण गेले. पुढचं नीट ऐक. त्यांची आधीची १७५ उड्डाणं तपासली, तर उड्डाणापूर्वी कंट्रोल पूर्ण फिरवून पाहिले होते फक्त दोन वेळा. उरलेल्या १७३ वेळा काही झालं नाही. तुलाही अजून काही झालेलं नाही. यालाच अनुभव म्हणतोस?

"सिस्टिम अडवते ना." तिथंही होती. लॉक असताना थ्रॉटल फार पुढं जाऊ नये, अशी सोय होती. ती नीट चालतच नव्हती. नियामकानं ड्रॉइंग पाहून शिक्का मारला होता. त्या ऑपरेटरचं सेफ्टी ऑडिटही पास!

"डीजीसीए आहे ना." आपल्या त्या विमान नियामकाकडची जवळपास निम्मी पदं रिकामी असल्याचं संसदीय समितीनं २०२५ मध्ये सांगितलं. भरली तरी तुझ्या मागं रोज इन्स्पेक्टर बसणार आहे? तुझे काका चाकणला कारखान्यात प्रेसवर आहेत. हात डायमध्ये राहू नये म्हणून दोन्ही हातांनी बटणं दाबायची असतात. प्रॉडक्शनपायी एक बटण बांधून ठेवतात, ऑडिटच्या दिवशी सोडतात. बोटं गेलेला माणूस पाहून बारावीत तू पेटून उठला होतास. आज तूच बटण बांधून बसलायस.

आणि "नुसतं बघतो" म्हणालास ना? १४ फेब्रुवारी १९९०, बेंगळुरू. ए-३२० उतरताना इंजिनं आयडलवर, वेग घसरतोय. कॉकपिटमध्ये लक्षात आलं तोवर उशीर झाला होता. ९२ जण गेले.

आणि मालकाच्या घाईचं रडगाणं मला ऐकवू नकोस. १४ सप्टेंबर २०२३ ला मुंबईत लिअरजेट ४५ पावसात उतरताना धावपट्टीबाहेर गेलं, मोडलं. दृश्यमानता ७०० मीटर. आठही जण वाचले. चूक कुणाची, त्यात मी पडत नाही. मी तुला विचारतोय. तशा पावसात मागं साहेब घड्याळ बघत बसलेत, आणि "नाही उतरत" म्हणायची छाती आहे तुझी?

उद्या कार्ड हातात घे. मोठ्यानं वाच. कंट्रोल शेवटपर्यंत फिरव. आणि गेल्या महिन्यात किती अप्रोच हातानं उडवलेस, तो आकडा मला लिहून पाठव. खरा. तुझं खोटं मी आठवीपासून ओळखतो.