सभागृहापुढचं सत्य

परराष्ट्र खात्याने संसदेत असत्य सांगावं का? ब्रिटनमध्ये हा प्रश्न व्यापारातून उभा राहिला. इराण-इराक युद्ध चालू असताना, 1985 मध्ये, परराष्ट्रमंत्री जेफ्री हाऊ यांनी लष्करी निर्यातीची मार्गदर्शक तत्त्वं लेखी उत्तरातून जाहीर केली. डिसेंबर 1988 मध्ये तीन कनिष्ठ मंत्र्यांनी ती गुपचूप सैल केली. खासदारांना मात्र धोरण बदललेलं नाही, असंच कळवलं जात राहिलं.

भोगलं भलत्यांनीच. इराकला यंत्रं विकणाऱ्या मॅट्रिक्स चर्चिल कंपनीच्या तीन अधिकाऱ्यांवर खटला भरला गेला. सरकारला सगळं ठाऊक होतं हे उघड झालं, तेव्हा नोव्हेंबर 1992 मध्ये तो कोसळला.

त्या तीन मंत्र्यांपैकी विल्यम वॉल्डग्रेव्ह यांनी 1994 मध्ये संसदीय समितीला सांगितलं, की अपवादात्मक प्रसंगी सभागृहात असत्य बोलावं लागतं.

कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिकाची कथा सांगतो. हा सत्यव्रती दरोडेखोरांना लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा सांगतो आणि नरकात जातो. कांटने 1797 मध्ये उलट बाजू घेतली: मारेकऱ्यालाही खोटं सांगू नये. इथे कृष्णाचंच म्हणणं पटतं. पण खासदार दरोडेखोर नव्हे! ज्या जनतेच्या नावाने परवाने दिले जातात, तिच्याच वतीने तो विचारतो. शिवाय कृष्णही आधी मौनाचाच मार्ग सुचवतो, आणि उत्तर नाकारण्याची मुभा मंत्र्यांना होतीच.

फेब्रुवारी 1996 मध्ये या प्रकरणाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती स्कॉट यांच्या अहवालावर संसदेत मतदान झालं. सरकार 320 विरुद्ध 319 मतांनी वाचलं. वॉल्डग्रेव्ह मंत्रिमंडळात राहिले.