मोहाची पहिली पायरी



प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी ख्रिस्तसभा आपल्यापुढे दोन परीक्षा मांडते. पहिल्या वाचनात एदेन बागेत एवेची परीक्षा होते आणि शुभवर्तमानात रानात प्रभू येशूची. एवा हरते, येशू जिंकतो. मोह होणे म्हणजे पाप नव्हे, हे आपण प्रथम नीट समजून घेऊ या. ज्याच्याठायी पापाचा लवलेश नव्हता, त्या येशूलाही मोह घालण्यात आला. मग फरक कोठे पडला?

उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात साप एवेला 'फळ खा' असे एकदाही सांगत नाही. तो सुरुवातीला फक्त एक प्रश्न विचारतो. देवाने बागेतल्या सगळ्याच झाडांची फळे खायला मनाई केली आहे का, एवढेच. प्रश्न साधा वाटतो, पण त्यात देवाविषयी संशय कालवलेला आहे. एवा त्याला उत्तर देते आणि संभाषण सुरू होते. मग ती झाडाकडे पाहते. फळ खायला चांगले, दिसायला सुंदर, शहाणपण देणारे वाटू लागते. त्यानंतर हात पुढे होतो. म्हणजे हात पुढे झाला ही पहिली पायरी नव्हतीच. पहिली पायरी ते संभाषण होते.

येशूने सैतानाशी गप्पा मारल्या नाहीत. तिन्ही वेळा त्याने अनुवाद ग्रंथातले वचन पुढे केले आणि शेवटी त्याला चालते व्हायला सांगितले. सैतानाशी संवाद करायचा नसतो, हे दिवंगत पोप फ्रान्सिस आपल्या प्रबोधनांतून वारंवार सांगत असत, ते याच शुभवर्तमानाच्या आधारे.

आजचे प्रतिसाद स्तोत्र ५१ वे आहे. परंपरेनुसार ते दावीद राजाचे पश्चात्तापाचे स्तोत्र. ते म्हणताना दाविदावर ही वेळ का आली, हे आपण आठवले पाहिजे. शमुवेलच्या दुसऱ्या ग्रंथाच्या ११ व्या अध्यायात ती कथा आहे. राजांनी लढाईवर जाण्याचा तो काळ होता. दाविदाने सेनापती यवाबला पाठवले आणि स्वतः यरुशलेमेत मागे राहिला. एका सायंकाळी तो बिछान्यावरून उठून राजवाड्याच्या गच्चीवर फिरू लागला. तेथून त्याला एक स्त्री स्नान करताना दिसली. दिसली, यात त्याचा दोष नव्हता. पण तो पाहत राहिला आणि मग त्याने चौकशी केली. ती उरीयाची पत्नी बथशेबा आहे, असे त्याला स्पष्ट सांगण्यात आले. उरीया हा दाविदाच्याच निवडक वीरांपैकी एक. येथे तरी दाविदाने मागे फिरायला हवे होते. तो फिरला नाही. त्याने माणसे पाठवून तिला आणवले.

पुढे तिने गरोदर असल्याचा निरोप पाठवला. आता पाप झाकायची पाळी आली. दाविदाने उरीयाला रणांगणावरून बोलावून घेतले, त्याची विचारपूस केली आणि घरी जाऊन विसावा घ्यायला सांगितले. हेतू असा, की मूल उरीयाचेच आहे असे लोकांना वाटावे. पण आपले सोबती उघड्यावर छावणीत असताना आपण घरचे सुख भोगणे त्या इमानी शिपायाला पटले नाही. तो राजवाड्याच्या दाराशीच झोपला. दुसऱ्या दिवशी दाविदाने त्याला दारू पाजली. तरीही तो घरी गेला नाही. शेवटी दाविदाने यवाबला पत्र लिहिले. उरीयाला लढाईच्या तोंडावर उभे करा आणि मागे हटा, म्हणजे तो मारला जाईल. ते पत्र त्याने उरीयाच्याच हाती दिले. उरीया मेला, आणि त्याच्याबरोबर इतर काही शिपाईही मेले. त्यांचा तर या प्रकरणाशी काहीच संबंध नव्हता.

आपण दहा आज्ञा आठवून पाहू या. परस्त्रीची अभिलाषा, म्हणजे नववी आज्ञा मोडली. मग सहावी. मग आठवी, आणि शेवटी पाचवी. त्या सायंकाळी गच्चीवर कोणी दाविदाला 'तू खुनी होशील' असे सांगितले असते, तर त्याने ते मानले असते का? मेंढरामागचा मुलगा असताना देवाने ज्याला निवडले, त्या माणसाची ही गोष्ट आहे. मग आपण 'माझ्या हातून असे होणारच नाही' असे कोणत्या बळावर म्हणावे?

पहिल्या पावलाचा खरा धोका येथे आहे. पहिल्या पावलामुळे दुसरे पाऊल नुसते सोपे होत नाही, ते गरजेचे वाटू लागते. चोरी केली की खोटे बोलावे लागते. एक खोटे निभावायला दुसरे लागते. माणूस स्वतःला म्हणतो, 'आता इलाज नाही.' पण दाविदाला प्रत्येक वळणावर इलाज होता. तो पाहणे थांबवू शकला असता. ती कोणाची पत्नी आहे हे कळल्यावर थांबू शकला असता. उरीया दाराशी झोपलेला दिसला, तेव्हा त्याच्यापुढे गुन्हा कबूल करू शकला असता. पत्र लिहून झाल्यावरही ते फाडू शकला असता. 'आता मागे फिरणे शक्य नाही' हे सैतानाचे सर्वांत मोठे खोटे आहे.

संत ऑगस्टीनने आपल्या 'कबुली' या ग्रंथाच्या नवव्या भागात आपल्या आईची, संत मोनिकेची, एक बालपणची आठवण दिली आहे. घरचे तिला पिंपातून द्राक्षारस काढून आणायला पाठवत. ती तो सुरईत ओतण्यापूर्वी ओठाला लावून पाही. पिण्याची ओढ म्हणून नव्हे, लहानपणीची खोडी म्हणून. रोज थेंबाथेंबाने भर पडत गेली आणि शेवटी ती जवळजवळ भरलेले पेले रिचवू लागली. हे फक्त एका दासीला ठाऊक होते. एकदा दोघींचे भांडण झाले, तेव्हा दासीने तिला तोंडावर 'दारुडी' म्हटले. तो शब्द मोनिकेला लागला. तिने स्वतःकडे पाहिले आणि ती सवय तेथेच सोडली. दासीला तिचे भले करायचे नव्हते, तिला टोचायचे होते. तरी देवाने तिच्या रागातूनही औषध दिले.

आपल्या घरांमध्ये ही गोष्ट फार लांबची नाही. लग्नाच्या मांडवात सोळा वर्षांच्या मुलाला कौतुकाने 'घे, एक घोट घे, काही होत नाही' असे म्हणणारे आपल्यातच असतात. मंडळाची वर्गणी ज्याच्याकडे असते, तो कधी पाचशे रुपये उचलतो. 'पगार झाला की भरतो,' असे म्हणतो आणि ते त्याला खरेच वाटत असते. यूदाही एकदम तीस नाण्यांपर्यंत पोहोचला नव्हता. थैली त्याच्याकडे होती आणि त्यातले तो काढून घेत असे, हे योहानाने आपल्या शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायात नोंदवले आहे. मोबाईलवर रात्री घरातले सगळे झोपल्यावर कोणी काहीतरी 'फक्त बघतो'. कोणी शंभर रुपये लावून खेळतो. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने २०२५ साली बंदीचा कायदा केला. कायद्याने ऍप बंद होते, पण मनाला लागलेली चटक तेवढ्याने सुटत नाही. आपल्याकडे म्हणतात, म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो. पाप पापाची वाट पाडते आणि पुन्हा पुन्हा केले की त्याचे व्यसन होते, हेच कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ (क्र. १८६५) सांगतो.

खाडीकाठच्या खाजणात भातशेती करणाऱ्यांना बांधाची काळजी ठाऊक आहे. बांधाला खेकडा बीळ पाडतो. वेळीच दिसले तर मूठभर चिखलाने ते बुजते. 'एवढ्याशा भोकाने काय होते' म्हणून सोडले, तर भरतीचे पाणी त्यातून वाट काढते आणि बांध फुटतो. खारे पाणी शिरले की त्या वर्षाचे पीक जाते आणि जमिनीतले मीठ धुऊन निघायला पुढचे पावसाळे लागतात. बांध एकाचा फुटतो, पण खारे पाणी शेजाऱ्याच्या शेतातही जाते. दारू एकाच्या पोटात जाते, पण फीविना शाळा सुटते ती मुलाची.

मग आपण काय करावे?

पहिले, मोहाशी वाद घालत बसू नये, जागा सोडावी. पोटीफराच्या पत्नीने अंगावरचे वस्त्र धरले, तेव्हा योसेफ ते तिच्या हातात सोडून पळाला. त्या वेळी पळून जाणे हेच शौर्य होते. मोबाईल रात्री बाहेरच्या खोलीत ठेवणे, त्या कट्ट्यावरून न जाणे, पैशांच्या पेटीची दुसरी किल्ली दुसऱ्याकडे देणे, ही आपली पळण्याची वाट.

दुसरे, कोणाला तरी सांगावे. संत इग्नाशियस लोयोला आपल्या 'आध्यात्मिक साधना' ग्रंथात सैतानाची तुलना चोरून संधान बांधू पाहणाऱ्या लबाड प्रियकराशी करतात. मुलीने वडिलांना किंवा पत्नीने पतीला सांगितले, की त्याचा डाव फसतो. म्हणून सैतानाला गुप्तता हवी असते. जी गोष्ट आपण पत्नीला, पतीला, आईवडिलांना सांगू शकत नाही, तिच्यापाशी आपण थांबून विचार करावा.

तिसरे, कुमसाराला जावे. आपल्यापैकी काहींनी पहिली पायरी केव्हाच ओलांडली असेल. काही जण आज दाविदासारखे पत्र हातात घेऊन उभे असतील. त्यांना आपण सांगू या, की नाथान संदेष्टा दाविदाकडे गेला तो त्याचा नाश करायला नव्हे. त्याने गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली आणि दाविदाचे डोळे उघडले. दाविदाने एका वाक्यात आपले पाप कबूल केले आणि नाथानाने लगेच त्याला देवाची क्षमा सांगितली. परिणाम मात्र पुसले गेले नाहीत. ते बाळ दगावले. पुढे पोटचा मुलगा अबशालोम उलटला आणि दाविदाला अनवाणी, रडत यरुशलेम सोडावे लागले. क्षमा मिळाली तरी उचललेले पैसे परत भरावे लागतात, दुखावलेल्या पत्नीचा विश्वास हळूहळू पुन्हा मिळवावा लागतो. पण हे सगळे दावीद देवाचा हात धरून सोसू शकला, कारण त्याने झाकणे थांबवले होते.

कुमसारात सांगितलेले धर्मगुरू कोणालाही, कोणत्याही कारणासाठी सांगू शकत नाहीत. तेव्हा लाजेपोटी दूर राहू नये. उधळ्या पुत्राने घराकडे पाऊल टाकले, तेव्हा सगळी वाट त्याला एकट्याला चालावी लागली नाही. तो दूर असतानाच पित्याने त्याला पाहिले आणि पिता धावत आला. या प्रायश्चित्तकाळात आपण आपल्या बांधावरून एक फेरी मारू या. बीळ लहान असेल तर आजच बुजवू या, आणि बांध फुटला असेल तर पित्याला हाक मारू या.

प्रभू आपणा सर्वांना मोहाच्या घडीला सावध ठेवो आणि पडलो तर उठण्याचे बळ देवो. आमेन.