छायाचित्राची साक्ष

गेल्या उन्हाळ्यात चंद्रपूरच्या जंगलात टिपलेले वाघाचे एक छायाचित्र माझ्या भाच्याने मला मोठ्या कौतुकाने दाखविले. पाणवठ्याकाठी एकटा वाघ, मागे बांबूचे रांजी आणि सर्वत्र नीरव शांतता. मूळ छायाचित्र मागताच तो किंचित ओशाळला. त्यात वाघाच्या दोन्ही बाजूंना पर्यटकांच्या जिप्सी उभ्या होत्या. काही त्याने चौकटीबाहेर कापल्या होत्या, एक संगणकावर पुसून टाकली होती. "पण मामा, वाघ तर खराच आहे ना?" तो म्हणाला.

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. डिजिटल कॅमेराही हिशेब करूनच चित्र घडवितो. बहुतेक कॅमेऱ्यांत प्रत्येक बिंदू तांबडा, हिरवा व निळा यांपैकी एकच रंग मोजतो. उरलेले दोन शेजारच्या बिंदूंवरून भरले जातात. मग सावलीत काळवंडलेला वाघाचा चेहरा थोडा उजळला किंवा धुळीचा ठिपका काढला, तर त्यात दोष कसला? डोळ्यांनी जे पाहिले, त्याच्याच आपण जवळ जातो.

उलट, एकही बिंदू न बदलता असत्य सांगता येते. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या 2009 सालच्या स्पर्धेत फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याचे छायाचित्र सर्वश्रेष्ठ ठरले. तो लांडगा शिकविलेला असावा, असे परीक्षकांचे मत झाले. छायाचित्रकाराने ते नाकारले. तरी जानेवारी 2010 मध्ये छायाचित्र बाद झाले. आक्षेप संगणकावरील फेरफाराला नव्हता, प्रसंगाच्या खरेपणाला होता.

म्हणून कसोटी साधनाची नव्हे, साक्षीची आहे. 'मी हे पाहिले' असे सांगून आपण छायाचित्र दुसऱ्याच्या हाती देतो, तेव्हा आपण साक्षीदार होतो. जे झाकल्याने पाहणाऱ्याचे मत बदलेल ते झाकणे, ही आठव्या आज्ञेने निषिद्ध मानलेली खोटी साक्षच होय.

31 डिसेंबर 2024 रोजी शेजारच्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या वाहनांनी एका वाघिणीची व तिच्या बछड्यांची वाट अडविली. ती दृश्ये लोकांपुढे आली आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. सर्वांनीच चित्र 'स्वच्छ' करण्यासाठी वाहने पुसली असती, तर त्या मुक्या जीवाची बाजू कोणी मांडली असती?

माणसांचेही तेच. मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडण्यास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात दगावल्या. निर्मनुष्य अरण्याची चित्रे पाहणाऱ्या शहरवासीयाला या जंगलावर कोणाची चूल पेटते, हे कसे कळावे?

भाच्याने ते छायाचित्र फाडावे, असे मी म्हटले नाही. शोभेसाठी ते भिंतीवर खुशाल लावावे. मात्र खाली 'वाहने काढून टाकली आहेत' एवढे चार शब्द लिहावेत. त्याने लिहिले, आणि शेजारी मूळ छायाचित्रही लावले. घरी येणारे पाहुणे आता त्या दुसऱ्यापाशीच अधिक वेळ थांबतात.