मुलीचे दुखणे आणि मोठ्यांची लाज

मंडळीच्या मासिकात अशा विषयावर लिहावे की नाही, याचा आम्ही बराच विचार केला. पण जोयडा तालुक्यातील एका वाडीवर घरसभेस गेलो असता शब्बाथशाळेच्या एका शिक्षिकेने आम्हांस बाजूस घेऊन एक प्रश्न विचारला. तेथे आम्हांस उत्तर देता आले नाही, म्हणून येथे लिहितो.

तिच्या वर्गातील सोळा वर्षांची एक मुलगी खांदे पुढे वाकवून चालते, ओढणी जराही हलू देत नाही, खेळांत भाग घेत नाही. तिचे स्तन वयाच्या मानाने फार मोठे व जड आहेत. मान आणि पाठ सतत दुखते, आतल्या कपड्याच्या पट्ट्यांनी खांद्यांवर खळगे पडले आहेत, घामाच्या दिवसांत स्तनांखालची कातडी सोलवटते. पाठदुखीचे खापर घरच्यांनी पाण्याच्या घागरींवर व शाळेच्या चढणीवर फोडले होते. आता बेळगावच्या एका सर्जनांनी सांगितले, की शस्त्रक्रियेने स्तन लहान करता येतात. शिक्षिकेचा प्रश्न असा, की देवाने घडवलेल्या शरीरावर अशी सुरी चालवणे योग्य आहे काय?

प्रश्न प्रामाणिक आहे. पण तो आपण नेहमी विचारतो काय? डॉ. पॉल ब्रँड हे मिशनरी आईबापांचे पुत्र. वेल्लोर येथे त्यांनी कुष्ठरोग्यांची आखडलेली बोटे सरळ केली, बसलेली नाके उभारली, गेलेल्या भुवयाही पुन्हा बसवल्या. भुवईवाचून कोणी मरत नाही. पण त्या माणसाला चारचौघांत पुन्हा बसता यावे, एवढ्यासाठी तो खटाटोप होता. त्याला कोणी चैन म्हटले नाही. दुभंगलेल्या ओठाचे लेकरू शिवून आणले, की आपण उपकारस्तुती करतो. मग छातीच्याच बाबतीत आपल्याला देवाची रचना का आठवावी? आमच्या मते येथे भक्तीपेक्षा लाज अधिक बोलते.

आणि ही लाजही सरळ नाही. त्रावणकोरात नाडार स्त्रियांना छाती झाकण्यासाठी कित्येक वर्षे झगडावे लागले. त्यांत ख्रिस्ती झालेल्या पुष्कळ होत्या, आणि लंडन मिशनच्या लोकांनी त्यांची बाजू घेतली. १८५९ साली राजाने मुभा दिली, तीही वरच्या जातींच्या स्त्रियांसारखे वस्त्र न घेण्याच्या अटीवर. तेथे उघडी ठेवा म्हणून सक्ती, येथे लपव म्हणून धाक. ठरवणारे मात्र दोन्हीकडे दुसरेच.

याचा अर्थ उद्याच इस्पितळ गाठावे, असे नव्हे. अमेरिकेत अलीकडच्या वर्षांत वीस वर्षांखालील मुलींत या शस्त्रक्रिया वाढल्या आहेत. बोस्टनच्या मुलांच्या इस्पितळातील डॉक्टरांनी १२ ते २१ वर्षांच्या मुलींची दीर्घकाळ नोंद ठेवली. बहुतेकींचे दुखणे कमी झाले व मनही उभारी धरू लागले, असे त्यांना आढळले. हे खरेच मोठे समाधान आहे. पण किंमतही आहे. व्रण कायमचे राहतात, काहींचे जाड होतात. जखम भरण्यास वेळ लागू शकतो, स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते. पुढे बाळाला पाजता येतेच असे नाही. कित्येकींना येते, काहींचे दूध अपुरे पडते. आणि वाढ पुरी होण्याआधी शस्त्रक्रिया केली, तर स्तन पुन्हा वाढू शकतात. म्हणून आकार काही महिने स्थिर आहे की नाही हे पाहूनच सर्जन पुढे जातात. (मुलग्यांनाही वयात येताना छाती सुजल्यासारखी होते. ती बहुधा वर्षा-दोन वर्षांत आपोआप बसते, हे चिडवणाऱ्या सोबत्यांना कोणी सांगत नाही.)

खांद्याचा खळगा डॉक्टरला दिसतो. पण बसथांब्यावरच्या नजरांनी झालेली जखम कोणत्या खात्यात मांडावी? आम्ही येथे अडखळतो. तेही दुखणेच आहे, खोटे नाही. परंतु ते टवाळखोरांनी दिले, आणि सुरी मात्र मुलीवर चालायची, हा हिशोब आम्हांस पटत नाही. मोबाइलवरचे चित्र पाहून स्वतःस मोजणाऱ्या मुलीला आम्ही थांब म्हणू. पण जिला जिना चढताना मान धरावी लागते, तिला लाजेपायी थांबवणे निर्दयपणा होईल.

अठरा वर्षांखालील मुलीसाठी संमतीची सही आईबापांची लागते. सही त्यांची असली, तरी अंग तिचे आहे. या कुटुंबाबरोबर आम्ही सर्जनांकडे गेलो. आईने एकच विचारले, "बाळाला पाजता येईल ना?" मुलीने विचारले, "मला पळता येईल का?" दोघींचे प्रश्न खरे, पण घरी आजवर चर्चा झाली होती ती फक्त पहिल्याची. सर्जनांनी दोघींना सावकाश उत्तर दिले, नीट मापाचे आतले कपडे घेण्यास सांगितले, आणि वाढ थांबली की नाही पाहण्यासाठी पाऊस सरल्यावर पुन्हा बोलावले.

परतताना बसमध्ये आई हलकेच म्हणाली, "पास्टरभाऊ, केलेच तर पुढे सोयरिकीच्या वेळी सांगावे लागेल का हो?" आम्ही पाळक नाही, हे तिला पुन्हा सांगितले. आणि मुलगी खिडकीशी जागीच होती, म्हणून म्हटले, "ताई, ते तिलाच विचारा."